खुंटीबाईची एकेचाळीस कासवं

त्या संशोधन संस्थेत तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती खुंटीबाई. एकोणिसाव्या वर्षी ती कामाला लागली तेव्हा प्रयोगाच्या वाफ्यांच्या कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या ठोकायचं काम तिच्याकडे आलं. तिनं ठोकलेली खुंटी उपटायला दोन माणसं लागायची, त्यावरून हे नाव पडलं. पुढे पुढे ते तिच्या स्वभावालाही चिकटलं. बाई एकदा एका जागी रोवली की हलायची नाही.

तिचे वडील याच संस्थेत माळी होते. त्यांनी तिला पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोडलं आणि एवढंच सांगितलं, "साहेब येतील, जातील. जे डोळ्यांना दिसेल ते सांग, जे दिसलं नाही ते सांगू नको." वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं. हिला येत होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला, कारण जे डोळ्यांना दिसेल ते ही वहीत लिहायला लागली.

पहिली बारा वर्षं ती झाडांच्या विभागात होती. तिथले म्हातारे सर सदान्‌कदा खिशात एखादं पान घेऊन फिरायचे. बाटल्या धुवायला ठेवलेल्या या मुलीला त्यांनी एकदा हाक मारून बोलावलं, हातात चाकू दिला आणि एका जोमदार रोपाच्या खोडावरून बोटभर रुंदीची सालीची कडी सोलायला लावली.

"आतल्या लाकडाला ओरखडा नको हं," सर म्हणाले. "लाकूड पाणी वर नेतं. पानात तयार झालेली साखर खाली मुळाकडे उतरते ती सालीच्या आतल्या अंगानं. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. पान कमावतं, मूळ खातं."

महिनाभरानं कडीच्या वरच्या बाजूला खोड फुगलं, गळ्याशी गाठ यावी तसं. खालच्या बाजूला काहीच नाही. पानं मात्र हिरवीगार.

"सर, झाड तर छान दिसतंय."

"दिसतंयच. पाणी वर जातंय ना. पण मुळं उपाशी आहेत. साखर निघाली आणि वाटेत अडकली. पुढच्या वर्षी बघायला ये."

पुढच्या वर्षी ते झाड वाळून कोळ झालं होतं. तिनं त्याला हात लावून पाहिलं आणि वहीत तारीख घातली. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनीही असाच प्रयोग लावला. त्यांच्या हातून तीन रोपांच्या लाकडापर्यंत काप गेले आणि रोपं आठवड्यात माना टाकून बसली. ती तीन रोपं नोंदवहीतून गाळ, असं त्यांनी सांगितलं. खुंटीबाईनं गाळली नाहीत. समोर लिहिलं, "वाळली. काप खोल गेला." पंधरा दिवसांत तिची बदली माती विभागात झाली.

तिथे तिला लॉटरीच लागली म्हणायची. माती विभागाच्या मॅडम पायात गमबूट घालून स्वतः खड्ड्यात उतरणाऱ्या. पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्याची एक भिंत खुरप्यानं साफ करायची आणि थर वाचायचे. वरचा थर फिका, मोकळा, जरासा पिठासारखा. खालचा गच्च, चिकट. मॅडमनी खालच्या थरातलं ढेकूळ फोडून तिच्या हातात भिंग दिलं. ढेकळाच्या अंगावर मेण फासावं तसा चकचकीत पापुद्रा होता.

"ही चिकणमाती मूळची इथली नाही," मॅडम म्हणाल्या. "वरची बारीक माती पाण्याबरोबर झिरपत खाली आली आणि इथे साचली. शेकडो वर्षं लागतात. हे मातीतलं ट्रान्सलोकेशन."

"झाडातही हाच शब्द होता की."

"शब्द तोच. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी बघायची. काय निघालं ते, आणि कुठे जाऊन बसलं तेही. निम्मं बघून निघून गेलीस तर काहीच बघितलं नाहीस."

त्या विभागातही तिनं चौदा-पंधरा वर्षं काढली. गिरमिट फिरवताना गिरमिटाच्या आवाजावरून खाली चिकणमाती किती बोटांवर आहे ते ती सांगायची आणि मॅडम पैज लावून हरायच्या. मॅडम गेल्या. नवे प्रमुख खड्डा न खणताच अहवाल लिहायचे. कुणीतरी हिला विचारलं, तर ही म्हणाली, "खड्डा कुठे आहे तो दाखवा, मग माती कशी आहे ते सांगते." झालं. पुन्हा बदली, यावेळी वन्यजीव विभागात. खुंटा हलवून बळकट करणं म्हणतात ते हेच. संस्थेला वाटत होतं आपण बाईला शिक्षा करतोय, आणि बाई दर बदलीला आणखी खोल रुतत होती.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण अशा दोघीच. लग्नाच्या भानगडीत दोघीही पडल्या नाहीत. थोरलीला वेळ झाला नाही आणि धाकटीला कुणी पसंत पडलं नाही. धाकटी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खोलीत भिंतभर थोरलीच्या वह्या. धाकटी त्या खोलीला 'तुझं न्यायालय' म्हणायची.

"ताई, तुझी बदली झाली की लोक पेढे वाटत असतील गं," ती म्हणायची.

"वाटू देत. मला मिळाला नाही अजून एकही."

वन्यजीव विभागात तिच्या वाट्याला आली कासवं. संस्थेच्या मागे खडकाळ उतार होता, झुडपांनी भरलेला, आणि त्यात जमिनीवर राहणारी कासवं होती. किती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विभागाचा प्रमुख तरुण होता, सगळे त्याला डॉक्टर म्हणत. माणूस हुशार, पण वरून आवाज आला की मान आत घेणारा. धाकटी म्हणायची, त्या विभागात एक कासव खुर्चीवरही बसतं. त्यानं खुंटीबाईला खूण करायची पद्धत शिकवली. कवचाच्या कडेच्या खवल्यांवर कानशीनं बारीक खाच पाडायची. कोणत्या खवल्यावर किती खाचा, यावरून त्या कासवाचा क्रमांक. कासवाला दुखत नाही, नखं कापल्यासारखं. आठ वर्षांत तिनं एकेचाळीस कासवांना क्रमांक दिले. कोणतं कोणत्या झुडपाखाली बसतं, कोणती मादी कुठल्या मोकळ्या मातीत मागच्या पायांनी खळगा करून अंडी घालते, कोणतं दुसऱ्याच्या अंगावर विनाकारण धावून जातं, सगळं वहीत.

यातल्या चौथ्या वर्षी एक गोष्ट घडली होती. संस्थेपुढचा रस्ता रुंद करायचा म्हणून रस्त्याकडेची, या एकेचाळिसांबाहेरची अकरा कासवं उचलून दूरच्या माळावर नेऊन सोडली. प्रत्येकाच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर चिकटवला होता. खुंटीबाई रोज हातात एरियल धरून त्यांच्या मागे फिरायची. सोडल्या क्षणापासून कासवं चालत सुटली. ना खाणं, ना सावलीला थांबणं. नाकासमोर, घराच्या दिशेनं. महिन्याभरात सहा गाड्यांखाली गेली, दोन तारेच्या कुंपणाशी उन्हात मेली, तीन कुठे गेली ते कळलंच नाही. चिरडलेली कवचं तिनं स्वतः रस्त्यावरून गोळा केली होती. आणि वर्षअखेरच्या अहवालात छापून आलं, 'अकरा प्राण्यांचे यशस्वी स्थानांतर.' इंग्रजी अहवालात पुन्हा तोच शब्द, ट्रान्सलोकेशन. तिनं डॉक्टरला विचारलं, यशस्वी कसं? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाई, हलवणं यशस्वी झालं. पुढचं आपल्या हातात नव्हतं."

त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. यापुढे अर्धं वाक्य लिहिणाऱ्याला आपला हातभार लागू द्यायचा नाही.

ती पंचावन्न वर्षांची असताना संचालकांनी जाहीर केलं की मागच्या उतारावर नवं सभागृह आणि गाड्यांसाठी तळ बांधायचा. जागा सपाट करायची, तर आधी कासवं हलवायला हवीत. साठ किलोमीटरवरचं एक राखीव रान निश्चित झालं. संस्थेच्या एका समितीनं गाडीतून जाऊन पाहिलं, फोटो काढले. हिरवीगार सावली, फोटोत तर स्वर्गच. दोन दिवसांत सगळी कासवं गोळा करून तिकडे सोडायची. परवान्यासाठी एक फॉर्म होता. त्यात प्रत्येक कासवाच्या खुणा लिहायच्या होत्या, आणि त्या बाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हत्या. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: 'नवीन जागा प्रत्यक्ष पाहिली असून ती योग्य आहे.' खाली पाहणाऱ्याची सही.

डॉक्टर फॉर्म घेऊन तिच्या टेबलाशी आला. "बाई, खुणा भरा आणि खाली सही करा. औपचारिकता आहे."

"मी जागा पाहिलेली नाही."

"समितीनं पाहिली आहे."

"मग समितीनं सही करावी."

"समितीतल्या कुणाला खुणा माहीत नाहीत, म्हणून एकाच माणसाची सही हवी. बाई, फाटे फोडू नका."

"फाटे नाही फोडत. रविवारी जाऊन बघून येते. सोमवारी सही करते. जे दिसेल त्यावर."

रविवारी धाकटीनं व्हॅन काढली. मागच्या बाकांवर कुदळ, फावडं, गिरमिट, पाण्याचा कॅन आणि मुलांच्या विसरलेल्या दोन टोप्या. रानाच्या फाटकावर राखणदार होता. त्यानं अवजारं पाहून भुवया चढवल्या.

"खणायचं काय काम?"

खुंटीबाईनं संस्थेचं ओळखपत्र पुढे धरलं. "इथे आमची एकेचाळीस पोरं राहायला येणार आहेत. घर बघायला आलेय."

राखणदार हसला आणि स्वतःच बरोबर आला.

समितीनं फोटो काढले होते ती जागा सापडली. सावली खरंच दाट होती. खुंटीबाईनं आधी मातीला हात घातला. वरची माती मोकळी, हातातून सुटणारी. गिरमिट चार बोटं आत गेलं आणि कुरकुरलं. तिनं तिथेच खणायला घेतलं. चार बोटांखाली गच्च चिकणमाती, दगडासारखी. ढेकूळ फोडलं तर अंगावर तोच चकचकीत पापुद्रा. वरची सगळी चिकणमाती खाली उतरून तिथे ताट मांडल्यासारखी बसली होती. तिनं कॅनमधलं पाणी खळग्यात ओतलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पाणी होतं तिथेच.

"म्हणजे काय गं?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे मादी इथे वीतभर खणूच शकणार नाही. आणि चार बोटांत अंडी घातली, तर पहिल्या पावसात ती पाण्यात बसतील. कुजतील."

तिनं आणखी चार ठिकाणी खणलं. सगळीकडे तीच तऱ्हा. पाचव्या खड्ड्यानंतर कंबर धरून ती एका झाडाला टेकून बसली, आणि पाठीला काहीतरी टोचलं. वळून पाहिलं तर खोड तिथे फुगलेलं होतं. गळ्याशी गाठ यावी तसं. तिनं गवत बाजूला केलं. फुगीच्या खाली बोटभर रुंदीची कडी, साल सोललेली. पलीकडच्या झाडालाही तसंच, त्याच्या पलीकडच्यालाही. तिनं मोजायला सुरुवात केली आणि बावन्नावर थांबली.

"हे कुणी केलं?"

राखणदारानं नजर चुकवली. "जळणवाले. हिरवं तोडायला बंदी आहे ना. साल सोलली की झाड आपोआप वाळतं. वाळलेलं न्यायला कुणी हरकत घेत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी एकटा आहे बाई. रान केवढं आहे बघा की."

धाकटी वर बघत म्हणाली, "पण ताई, पानं तर हिरवी आहेत."

"हो. फोटोत छान येतात. पुढच्या वर्षी इथे बसायला सावली राहणार नाही."

परत येताना तिनं पायाशी एक खोका ठेवला होता. त्यात पाच खड्ड्यांतली पाच ढेकळं, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, आणि एका वाळून पडलेल्या झाडाचा फुगीसकटचा सालीचा तुकडा. वाटेत धाकटीनं दोन विनोद करून पाहिले आणि पालथ्या घड्यावर पाणी म्हणून सोडून दिलं.

सोमवारी संचालकांच्या खोलीत बैठक होती. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, भिंतीवर सभागृहाचं रंगीत चित्र. चित्रात झाडंही काढली होती, पुढे लावायची. डॉक्टर टेबलाच्या टोकाला बसला होता. खुंटीबाईला खुर्ची नव्हती. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि खोका टेबलावर ठेवला. चकाकत्या टेबलावर माती सांडली.

"फॉर्म भरला का?" संचालकांनी विचारलं.

"भरला." तिनं कागद सरकवला. खुणा सगळ्या भरलेल्या होत्या, ठसठशीत अक्षरात. खालच्या ओळीतले 'ती योग्य आहे' हे शब्द खोडून तिनं लिहिलं होतं, 'जागा पाहिली. योग्य नाही. कारणं सोबत जोडली आहेत.' आणि सही.

संचालकांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही परिचर आहात."

"हो. कासवांचीही परिचरच आहे मी."

"ट्रान्सलोकेशन कसं करायचं हे आम्हाला तुम्ही शिकवणार?"

आता कुणी म्हणेल, इथे बाईनं आवाज चढवला असेल. तिनं चढवला नाही. तिनं ढेकूळ हातात घेतलं.

"साहेब, हा शब्द मी या संस्थेत तीन विभागांत ऐकला. झाडांच्या विभागात सर म्हणायचे, पानातून साखर निघाली एवढ्यानं भागत नाही, मुळाला पोचली का ते बघ. मातीत मॅडम म्हणायच्या, वरून काय गेलं आणि खाली कुठे साचलं, दोन्ही बघ. दोन्हीकडे निघणं आणि पोचणं मिळून शब्द पुरा होतो. जनावराची वेळ आली की तुम्हाला नुसतं निघणं पुरतं. टेम्पोत भरलं, सोडलं, फोटो काढला, यशस्वी! साखरेची जेवढी चौकशी होते तेवढी जिवंत प्राण्याची का नाही?"

तिनं ढेकूळ आणि साल समोर ठेवून खड्ड्यांचं आणि बावन्न झाडांचं सांगितलं. अकरा कासवांचंही सांगितलं, तारखेनिशी. शेवटी डॉक्टरकडे वळून म्हणाली, "तुम्ही बोला. माझं खोटं असेल तर आत्ता इथे सांगा."

डॉक्टरनं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. मग म्हणाला, "त्यांचं खरं आहे."

एवढेच तीन शब्द. पण त्या माणसानं आठ वर्षांत वरच्यासमोर काढलेले ते पहिले तीन शब्द होते.

"हा फॉर्म रद्द समजा," संचालक म्हणाले. "दुसरा भरा, आणि माझ्यासमोर सही करा. नाहीतर उद्यापासून तुम्ही गोदामात."

"गोदामात जाते. सही हीच राहील."

आणि ती नुसती बोलून थांबली नाही. त्या फॉर्मची दुसरी प्रत तिनं सकाळीच करून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत ती चालत परवाना कचेरीत गेली, खिडकीवर प्रत दिली आणि पोच मागितली. खिडकीतला कारकून म्हणाला, "वरिष्ठांमार्फत यायला हवं." ती म्हणाली, "सही माझी आहे ना? मग मी आणून दिली." आणि पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलली नाही. मागे रांग लागली. रांगेतली माणसं आधी तिच्यावर चिडली, मग प्रकरण काय आहे ते ऐकून कारकुनावर चिडली. शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी तिची गोदामात बदली झाली. पत्र्याचं छप्पर, गंजलेल्या कपाटांच्या रांगा, एक टेबल, एक पंखा, तोही बोलका. मोडकी अवजारं मोजून लावणं हे काम. ज्यांच्याशी तीस-तीस वर्षांची ओळख होती तेही चहाच्या वेळी तिच्या बाकावर बसेनात. हे मात्र तिला लागलं. त्या संध्याकाळी ती घरी येऊन वह्यांच्या खोलीत दार लावून बसली. धाकटीनं दार ठोठावलं.

"ताई, रडतेयस का?"

"हो."

"चहा टाकू?"

"टाक. आणि रडतेय म्हणजे पस्तावतेय असं समजू नको."

परवाना अडकला. कचेरीनं स्वतःचा माणूस पाठवून जागा पाहिली आणि ती नाकारली. मग मात्र डॉक्टरला कुठून कोण जाणे कणा फुटला. तो गोदामात आला, एका मोडक्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दुसरी जागा शोधायला हवी. खणायला माझ्याबरोबर कोण येईल? मला गिरमिट धरता येत नाही."

"मी गोदामात आहे."

"रविवारी?"

सात रविवार गेले. सात जागा पाहिल्या. सातवी एका जुन्या बंद पडलेल्या फळबागेची निघाली, बारा किलोमीटरवर. दोन हात खोलपर्यंत मोकळी माती, ओतलेलं पाणी मिनिटात गायब, झुडपांच्या साली शाबूत, खाली पडलेली फळं. खुंटीबाईनं फॉर्मवर लिहिलं, 'जागा पाहिली. सात ठिकाणी खणली. योग्य आहे.' आणि पुढे स्वतःच्या मनानं एक अट घातली: कासवं वर्षभर जाळीच्या आवारात ठेवायची, त्या मातीचा, त्या वासाचा सराव होईपर्यंत, मगच जाळी उघडायची. डॉक्टरनं त्याखाली सही केली. कचेरीनं अट मान्य केली.

हलवायच्या दिवसांत तिला गोदामातून बोलवावंच लागलं, कारण झुडपाखालचं कासव शोधणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. चार दिवसांत एकोणचाळीस सापडली. दोन राहिली. जमीन सपाट करणारं यंत्र उताराच्या पायथ्याशी येऊन उभं होतं, घरघरत. चालक म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." ती यंत्राच्या तोंडासमोर एका दगडावर बसली आणि पिशवीतून डबा काढला.

"दोन माझी आत आहेत."

"किती वेळ लागेल?"

"सापडेपर्यंत."

संचालकांचा निरोप आला, त्यांच्या मदतनीसाचा निरोप आला. ती बसूनच. चालकाला काम थांबलं तरी दिवसाची मजुरी मिळतच होती. त्यानं यंत्र बंद केलं आणि तोही शोधायला लागला. नवव्या दिवशी त्यालाच एका कपारीत चाळिसावं सापडलं, आणि तो असा ओरडला की उताराखालच्या वस्तीतल्या बायका घराबाहेर आल्या. एकेचाळिसावं सापडलं नाही. खुंटीबाईनं तसं लिहिलं आणि दगडावरून उठली. उठताना तिला फार जड गेलं, हे तिनं फक्त धाकटीला सांगितलं.

आवारात पहिले दोन महिने कासवं जाळीला नाक लावून घराच्या दिशेला चालत राहायची, जागच्या जागी, माती उकरत. ते बघवत नव्हतं. ती दर रविवारी व्हॅननं जाऊन बसायची. तिसऱ्या महिन्यात एकानं पाठ फिरवली आणि पडलेलं फळ खाल्लं. हळूहळू बाकीच्यांनीही जाळी सोडली. वर्षानं जाळी उघडली तेव्हा त्यांतली बहुतेक जागची हलली नाहीत.

ती निवृत्त व्हायला तीन आठवडे असताना संस्थेचा अहवाल छपाईला चालला होता. डॉक्टरनं कच्ची प्रत गोदामात आणून दाखवली. त्यात होतं, 'चाळीस कासवांचे यशस्वी स्थानांतर.' तिनं चष्मा लावला, पुन्हा वाचलं आणि तडक संचालकांच्या खोलीत गेली. यावेळी त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. सभागृह उभं राहिलं होतं, उद्घाटनात त्यांचं कौतुक झालं होतं. माणूस खुशीत होता.

"बाई, तुमचंच यश आहे. आता काय राहिलं?"

"तेहतीस जिवंत आहेत. पाच मेली. दोन सापडत नाहीत. आणि उतारावरचं एक आपण गमावलं ते वेगळं."

"चाळिसात तेहतीस म्हणजे यशस्वीच की! लोकांना एक शब्द लागतो. आकडे कोण वाचतं?"

"शब्द ठेवायचा असेल तर ठेवा. त्याच्या शेजारी आकडे छापा."

"आणि नाही छापले तर?"

"तर मी तीन आठवडे आहे अजून. रोज येईन. या खुर्चीत बसेन."

संचालकांनी तिच्याकडे पाहिलं. हसावं की चिडावं हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी लाल पेन उचललं, 'यशस्वी' हा शब्द खोडला आणि प्रत तिच्याकडे ढकलली. "घ्या. काय लिहायचं ते तुम्हीच लिहा."

तिनं खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहायला सुरुवात केली. मेलेल्या पाचांचे क्रमांक तिला वहीत बघावे लागले नाहीत.